उणे तीनचा ताळा

आमचे हे गणिताचे मास्तर होते आणि गणित सोडून जगातल्या प्रत्येक गोष्टीला भीत होते. पोस्टमनची सायकल दारात थांबली की ह्यांच्या हातातला चहा बशीत सांडायचा. बसच्या कंडक्टरने सुटे पैसे मागितले तरी चेहरा असा करायचे, जणू ह्यांची चोरीच पकडली गेली. लग्नाच्या वेळी आमच्या माहेरी सगळे म्हणाले, शांत माणूस मिळाला. शांत बिंत काही नव्हतं, माणूस घाबरलेला होता, एवढंच. आमच्याकडच्यांना तो फरक कळला नाही.

पण त्या उन्हाळ्यात मीही भ्यायले, आणि ह्यांच्यापेक्षा जास्त भ्यायले.

नवं राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. राजधानी भोपाळला गेली आणि इंदूरच्या नोकरमाणसांच्या तोंडी एकच नाव आलं, बस्तर. होळकरांच्या वेळी बदली म्हणजे फार तर महेश्वर, नाहीतर रामपुरा. आता नकाशाच एवढा मोठा झाला होता की सकाळी ऑर्डर हातात पडली की माणसाने सामान बांधायचं ते जगदलपूरसाठी. हे अजून नोकरीत कायम झालेले नव्हते, आणि कायम न झालेल्या मास्तराला सरकार कुठेही भिरकावून देऊ शकत होतं. कायम व्हायचं तर हेडमास्तरांचा गोपनीय रिपोर्ट चांगला जायला हवा होता. त्या एका कागदावर आमचं सगळं अडलं होतं.

सगळं म्हणजे काय, तेही सांगते. मला सातवा महिना लागला होता. त्याआधी दोनदा माझं पोट रिकामं झालं होतं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "मंगलाबाई, इस बार टांगे में भी नहीं बैठना." रामबागेतल्या दोन खोल्या आणि त्यामागचं अंगण, एवढंच माझं जग. बस्तरची ऑर्डर आली असती तर मी ह्यांच्याबरोबर जाऊन हे मूलही घालवलं असतं, नाहीतर एकटी मागे राहून कोणाच्या भरवशावर बाळंत झाले असते, देव जाणे. आम्हा दोघांच्याही मागे कोणी नव्हतं.

हेडमास्तर होते प्रतापराव. आजोबा होळकरांच्या घोडदळात होते आणि नातवाला अजून वाटायचं की आपण घोड्यावरच बसलो आहोत. सहा फूट उंची, कडक इस्त्रीचा कोट, आणि आवाज असा की मधल्या सुट्टीत ते व्हरांड्यात आले की मुलं घास गिळायची थांबायची. त्यांनी बीजगणिताचं एक हिंदी पुस्तक लिहिलं होतं. आमच्या भागातल्या बहुतेक शाळांत तेच चालायचं. आणि त्या वर्षी अकरावीच्या गणिताचे मुख्य परीक्षकही तेच होते. म्हणजे शाळेत साहेब तेच, पेपरांतही साहेब तेच, आणि रिपोर्ट लिहिणारेही तेच.

पेपर तपासायला घरी यायचे. बोर्डाकडून कापडात शिवलेली, लाखेचं सील मारलेली बंडलं यायची आणि ती आपल्याकडे आहेत हे कोणाला कळू द्यायचं नाही असा नियम होता. कळलं की मुलांचे बाप आंब्याच्या टोपल्या घेऊन दारात. म्हणून मे महिना लागला की आम्ही दार लावून घ्यायचो आणि शेजारचं कोणी विचारायला आलं की मी सांगायचे, "ह्यांना ऊन लागलंय, पोट बिघडलंय." दरवर्षी मे महिन्यात ह्यांचं पोट बिघडतं ह्याचं शेजारच्या आनंदीबाईंना फार वाईट वाटायचं. बिचाऱ्या ताक आणून द्यायच्या.

घरोघरी पद्धत अशी होती की मास्तर तपासणार आणि बायको गुणांची बेरीज करणार. हेही नियमात बसत नव्हतं, पण सगळे करायचे. खिडकीला ओला पडदा लावलेला, पंखा बंद, कारण पंख्याने पेपर उडतात. मी पाटावर बसून प्रश्नांपुढचे आकडे मांडायचे आणि पहिल्या पानावर एकूण लिहायचे. मी मॅट्रिक होते, एवढं मला येत होतं.

त्या दिवशी हे लाल पेन्सिल हातात धरून इतका वेळ गप्प बसले की मला वाटलं डोळा लागला.

"काय झालं हो?"

"प्रतापराव साहेबांच्या स्कीममध्ये चूक आहे," हे इतक्या हळू म्हणाले, जणू साहेब पडद्यामागेच उभे होते.

स्कीम म्हणजे मुख्य परीक्षकांनी सगळ्यांना पाठवलेली उत्तरं. कशाला किती गुण द्यायचे ते त्यात छापलेलं असायचं. प्रश्न साधा होता. क्ष अधिक सात, ह्याचं वर्गमूळ बरोबर क्ष अधिक एक, तर क्ष किती? दोन्ही बाजूंचा वर्ग करा, सोडवा, दोन उत्तरं येतात. दोन, आणि उणे तीन. स्कीममध्ये लिहिलं होतं, दोन्ही उत्तरं दिली तर सहा गुण, एकच दिलं तर तीन.

"मग?" मी म्हटलं.

"ताळा करून बघ की."

ताळा हा ह्यांचा जीव की प्राण. वर्गात पहिल्या दिवसापासून सांगायचे, उत्तर आलं म्हणजे गणित झालं असं नाही, आलेलं उत्तर मूळ गणितात परत घालून बघा, दोन्ही बाजू जुळल्या तरच ते उत्तर. कलन, म्हणजे ते कॅल्क्युलस, शिकवतानाही तेच. चढ शून्य आला म्हणजे टेकडीचा माथा सापडला असं समजू नका, तो विहिरीचा तळही असू शकतो, आजूबाजूला पाहा. घरीसुद्धा दाराची कडी लावली की पलंगापर्यंत जायचे आणि परत येऊन ओढून बघायचे.

मी ताळा केला. क्ष म्हणजे दोन धरलं तर डावीकडे नऊचं वर्गमूळ तीन, उजवीकडे तीन. जुळलं. उणे तीन धरलं तर डावीकडे चारचं वर्गमूळ दोन, आणि उजवीकडे उणे दोन. नाही जुळलं.

"वर्ग करताना उणेपण पुसलं जातं," हे म्हणाले. "त्यामुळे एक खोटं उत्तर आत शिरतं. ताळा करून ते बाहेर काढायचं असतं. ज्या मुलांनी ते काढलं त्यांचे मी तीन गुण कापायचे, आणि ज्यांनी ठेवलं त्यांना पूर्ण द्यायचे. साहेबांच्या पुस्तकात हेच गणित असंच सोडवलंय."

पुस्तकातली चूक, म्हणजे साहेबांची चूक. ती सांगणार कोण, तर कायम न झालेला मास्तर. तीही नेमकी रिपोर्ट लिहायच्या महिन्यात.

"गप्प बसा," मी म्हटलं. "बिलकुल गप्प. स्कीममध्ये लिहिलंय तसं करा आणि बंडलं शिवून टाका. ती स्कीम काही तुम्ही काढलेली नाही."

हे लगेच "बरं" म्हणाले. इतक्या चटकन कबूल झाले की मलाच राग आला.

संध्याकाळी लक्ष्मण आले. ते ह्यांच्याच शाळेत गणित शिकवायचे, त्यांच्याकडेही बंडलं होती. बोलायला मोकळे, इंदुरी माणूस. ह्यांनी आडून आडून विचारलं, तर ते हसले.

"अरे भिया, मला काय दिसलं नाही का? पहिल्या दिवशीच दिसलं. पण बोर्डाचा मामला आहे, तू कशाला फालतू बीच में पडतो? साहेबांनी लिहिलं ना दोन्ही सही, तर दोन्ही सही. अपने बाप का क्या जाता है?"

"मुलांचे गुण जातात," हे म्हणाले.

"आणि तुझी नोकरी जाईल, तेव्हा मुलं येतील काय तुला बस्तरला पोहोचवायला?" लक्ष्मणनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वहिनी, तुम्हीच समजवा ह्याला."

समजवायची गरजच नव्हती. हे समजलेलेच होते.

पुढचं बंडल उघडलं आणि प्रकरण जास्तच बिघडलं. पेपरांवर नावं नसतात, गावं नसतात, नुसते नंबर. पण पहिल्याच पेपरात, हिंदीत सोडवलेल्या गणिताच्या डाव्या बाजूला चौकट आखून वर लिहिलं होतं, ‘ताळा’. दुसऱ्यातही तसंच. हिंदीत शिकणारी मुलं खरं तर ‘जाँच’ लिहितात. आपला मराठी शब्द, तोही ळ घालून, हिंदी पेपरात कोण लिहिणार?

ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "ही मानपूरची मुलं आहेत. माझी."

इंदूरला यायच्या आधी हे मुंबई रस्त्यावरच्या मानपूरच्या शाळेत होते. ट्रकवाल्यांची, दुकानदारांची, शेतकऱ्यांची मुलं. त्यांना ह्यांनी ताळा शिकवला होता, आणि शिकवताना हिंदी शब्द काय म्हणायचा हे ह्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलांनी सरांचा शब्द जसाच्या तसा उचलला आणि सर गेल्यावरही सोडला नाही. त्या शब्दाची मला त्या दिवशी इतकी धास्ती बसली की काय सांगू. कारण आपल्याच मुलांचे पेपर आले तर बोर्डाला कळवून बंडल परत करायचं असा नियम होता. कळवलं तर विचारणार, कशावरून ओळखलं? न कळवता स्कीमबद्दल बोललं तर म्हणणार, स्वतःच्या मुलांना गुण मिळावेत म्हणून मुख्य परीक्षकांची चूक काढतो. आता नुसती बदली नव्हे, नोकरीच जायची पाळी होती.

"जसं आहे तसं तपासा," मी म्हटलं.

ह्यांनी तपासायला घेतलं. उणे तीन बाहेर काढणाऱ्या मुलांचे तीन-तीन गुण कापत गेले. दर वेळी पेन्सिल टेकवायच्या आधी थांबायचे. मी बेरजा करत होते. त्या तीन गुणांनी कोणी नापास होत होतं, ते मला सगळ्यात आधी दिसत होतं. मी मान खाली घालून आकडे लिहीत राहिले.

मग तो पेपर आला.

अक्षर गोल होतं, घाईचं. मुलाचं की मुलीचं, कळायला मार्ग नाही. गणित सोडवलेलं, दोन उत्तरं काढलेली, डावीकडे चौकट आखून ताळा केलेला. दोन जुळले होते. उणे तीन जुळत नव्हते, तेही बरोबर लिहिलं होतं. आणि त्या सगळ्या चौकटीवर तिरकी रेघ मारून ती खोडली होती. खाली एक ओळ होती. ‘ताळा नहीं मिला। परन्तु पुस्तक में दोनों उत्तर दिए हैं, अतः दोनों सही।’

स्कीमप्रमाणे ह्यांनी त्याला सहापैकी सहा दिले होते. माझी बेरीज झाली तेहतीस. बरोबर काठावर पास.

मला एकदम राग आला. कोणाचा, ते आधी कळेना. मी तो पेपर ह्यांच्यासमोर धरला. "हे वाचलंत?"

"वाचलं." हे पेपराकडे न बघताच म्हणाले. "त्याला येत होतं, मंगला. सगळं येत होतं."

"मग खोडलं कशाला?"

"भ्याला. आपल्याला जे दिसतंय ते साहेबांच्या पुस्तकापेक्षा खरं कसं असेल, असं वाटलं असेल." मग म्हणाले, "मी तरी दुसरं काय करतोय?"

मला त्या क्षणी पोटातल्या बाळाची फार भीती वाटली. ते वाचेल की नाही ही भीती तर रोजचीच होती. ही नवीनच होती. ते वाचेल, जन्माला येईल, आमच्या ह्या घरात वाढेल, कड्या ओढून बघणाऱ्या बापाजवळ आणि गप्प बसा म्हणणाऱ्या आईजवळ, आणि एक दिवस त्याला दिसलेलं खरं असंच रेघ मारून खोडून टाकेल.

"जा आणि सांगा," मी म्हटलं.

"आणि बस्तर?"

"बस्तरमध्येही बाया बाळंत होत असतील." मी फार धीराने बोलले असं समजू नका. पुढच्या पेपराची बेरीज मी तीनदा चुकले.

रविवारी सकाळी साहेबांनी शहरातल्या परीक्षकांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. थोडे थोडे तपासलेले पेपर आणायचे, साहेब नजर टाकणार, अशी रीत होती. हे जाताना कडी ओढून बघायलाही विसरले. मी देवाजवळ बसले, पण नाव कुठल्या देवाचं घ्यावं तेही सुचेना. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, संपलं.

आधी आले लक्ष्मण, धापा टाकत.

"वहिनी, पाणी द्या. आज जे पाहिलं ना, बाप रे! हा उभा राहिला. उभा राहिला तर बोलतच नाही. साहेब म्हणाले, क्या है? हा बोलत नाही. मला वाटलं आता हा गिरतो. मग फळ्याजवळ गेला, खडू घेतला आणि ताळा मांडला. बस, काही बोलला नाही, नुसता मांडला. खडू दोन वेळा हातातून पडला."

"आणि साहेब?"

"साहेब म्हणाले, चारचं वर्गमूळ उणे दोन पण असतं, इतकं तर आठवीच्या पोराला माहीत आहे. हा म्हणाला, मग प्रश्नात चिन्हाच्या आधी धन-ऋण लिहायला हवं होतं, सर. ते लिहिलं नाही, तर वर्गमूळ धनच घ्यायचं, असं आपल्याच पुस्तकाच्या दुसऱ्या धड्यात दिलंय. मग साहेबांनी ह्याचे पेपर उचलले. एक पाहिला, दुसरा पाहिला. म्हणाले, हा ‘ताळा’ कोण लिहितं? ही मुलं कुठली? ह्याने सरळ सांगून टाकलं, माझी आहेत, मानपूरची, आज ओळखली नाहीत, बंडल उघडलं तेव्हाच ओळखली."

"मग?" मी म्हटलं.

"साहेब म्हणाले, तो यह बात है, आपल्या पोरांसाठी चाललंय. तेव्हा ह्याने अजून एक पेपर पुढे ठेवला. म्हणाला, हाही माझाच आहे. आपल्या स्कीमने हा पास होतो. माझं ऐकलंत तर हा नापास होईल. साहेबांनी तो वाचला. खूप वेळ वाचला, वहिनी. एका ओळीला किती वेळ लागतो? मग म्हणाले, स्कीम बदला. एकच उत्तर ठेवलं त्याला सहा, दोन्ही ठेवली त्याला तीन. सगळ्यांनी परत तपासा. आणि उठून गेले. मानपूरचं बंडल परत मागितलं नाही, ह्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

हे आले ते ताप आल्यासारखे. न जेवता झोपले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे पेपर परत काढले. मुलांचे कापलेले गुण परत दिले, ते देताना ह्यांचा हात जरा मोकळा चालला. पण त्या एका पेपराचे तीन गुण ह्यांना कापावे लागले. खोडलेलं धरत नाहीत, हा नियम. मी तेहतीसवर काट मारून तीस लिहिलं. खरं बोलल्याची शिक्षा पहिल्यांदा पोहोचली ती कोणाला, तर त्या भ्यालेल्या पोराला. माझी तर देवावरच चिडचिड झाली. आणि आता पोस्टमनची सायकल वाजली की चहा माझ्याही हातातून सांडायला लागला.

तीन-चार दिवसांनी दुपारी चारच्या सुमाराला जिन्यावर काठीचा आवाज आला. हे गॅलरीतून डोकावले आणि पांढरे पडले. "साहेब!" एवढंच म्हणाले आणि चक्क स्वयंपाकघरात शिरून दार ओढून घेतलं. हॉलमध्ये सगळं शौर्य संपलं होतं, घरासाठी काही उरलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, पण दार मलाच उघडायचं होतं.

प्रतापराव आत आले, ते आमच्या खोलीत मावेनात. खुर्चीवर बसले. "मास्तर?"

"बाहेर गेलेत." स्वयंपाकघरात भांडं वाजलं. साहेबांनी तिकडे पाहिलं.

"तो पेपर बघायचाय. खोडलेला ताळा आहे तो."

"पेपर? कसले पेपर?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं. "ह्यांचं पोट बिघडलंय."

"बाई," साहेब म्हणाले, "मास्तरांचं अक्षर मी ओळखतो. सगळ्या पेपरांवर एकूण तुमच्या हातचं आहे."

आता ह्या गुन्ह्याचीही भर. मी ट्रंक उघडली आणि पेपर काढून दिला. त्यांनी चष्मा लावून ती ओळ पुन्हा वाचली.

"किती झाले?"

"तीस. आधी तेहतीस होते."

बाहेर उन्हाची गरम लू चालली होती, खिडकीचा पडदा सुकून खडखडत होता, आणि तो भिजवायला उठायचं धैर्य मला होत नव्हतं.

"माझं पुस्तक इतकी वर्षं चालतंय," ते म्हणाले. "किती मास्तरांनी ते शिकवलं असेल. हे त्यांना दिसलंच नसेल असं नाही. लक्ष्मणला दिसलं असणार, बाकीच्यांनाही. कोणी मला सांगितलं का नाही?"

ते मला विचारत होते की स्वतःशीच बोलत होते, कोण जाणे. पण मला राहवलं नाही. "तुमची भीती वाटते, साहेब."

त्यांनी मान वर केली. "तुम्हालाही?"

"माझे पाय कापताहेत आत्ता," मी म्हटलं. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "ह्यांना वाटते, लक्ष्मण भियांना वाटते. मानपूरच्या त्या पोराने तर तुम्हाला पाहिलेलंही नाही, तुमचं नुसतं पुस्तक पाहिलंय."

मला वाटलं, आता वीज कोसळणार. पण त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं. खोडलेल्या चौकटीशेजारी तीन लिहिला, खाली सही केली, आणि माझ्या तीसवर काट मारून स्वतःच्या अक्षरात तेहतीस लिहिलं. "खोडलेलं धरत नाहीत, ठाऊक आहे. हे मी धरलं. बोर्डाने विचारलं तर उत्तर मी देईन."

ते उठले. आता गमावण्यासारखं माझ्याजवळ काही राहिलं नाही असं मला वाटलं, म्हणूनच विचारायला जीभ उचलली. "साहेब, ह्यांचा रिपोर्ट?"

"तो तर ह्या सगळ्याच्या आधीच गेला, बाई." ते दारात थांबले. "चांगला लिहिलाय. अत्यंत आज्ञाधारक. वरिष्ठांच्या म्हणण्यावर कधीही शंका घेत नाहीत." एवढं बोलून ते अडखळले. त्यांचा तो मोठा आवाज एकदम लहान झाला. "गणिताच्या मास्तराबद्दल लिहिलं मी हे. आणि लिहिताना मला काहीच वाटलं नाही. आता परत मागवता येत नाही."

जिन्यावर काठीचा आवाज खाली खाली जात राहिला. मग हे बाहेर आले, अंगाला पीठ लागलेलं. मी सगळं सांगितलं. हे ऐकून घेऊन खाली पाटावर बसले, आणि आम्ही दोघं उगीचच त्या ट्रंकेकडे बघत राहिलो.

मला मुलगी झाली, धडधाकट. इथेच, इंदूरला. ती दीड महिन्याची असताना पोस्टमनची सायकल थांबली आणि भोपाळचं लांब पाकीट आलं. ह्यांनी ते फोडायला इतका वेळ लावला की मी पोरीला खांद्यावर टाकून स्वतः फोडलं. हेडमास्तरांच्या अभिप्रायावरून श्रीकृष्ण मास्तरांना इंदूरलाच कायम करण्यात येत आहे, असं होतं.

मी तिथेच मटकन बसले आणि रडले. हे रडले नाहीत. ऑर्डर दोनदा वाचली, उलटून मागची बाजूही पाहिली, आणि म्हणाले, "मंगला, उत्तर तर आलं. पण ताळा जुळत नाही."

"न जुळू दे," मी म्हटलं. "फक्त खोडू नका."